समुद्रकाठच्या छोट्या गावात फॅमिली डॉक्टरचं ट्रेनिंग: घ्यावं की शहरातल्या जागेची वाट बघावी?

दांडियाबाजारची_चिमणी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

मी बडोद्याची. एम.बी.बी.एस. इथलंच, इंटर्नशिप एस.एस.जी.ला, म्हणजे इथल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात, मग बाँडचं गावाकडचं पोस्टिंग केलं. नंतर प्लॅब (तिकडे डॉक्टर म्हणून नोंदणीसाठीची परीक्षा), मग एम.एस.आर.ए. (ट्रेनिंगच्या निवडीची) दिली आणि आता इंग्लंडमध्ये जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या ट्रेनिंगला नंबर लागलाय, तीन वर्षांचं. इथपर्यंत पेढे वाटून झाले. पण मिळालेली जागा आहे पूर्व किनाऱ्यावर, धड शहर नाही धड खेडं नाही असं गाव, पुढे समुद्र आणि मागे कोबीची शेतं, मोठं हॉस्पिटल तासाभरावर. पसंतीक्रम भरताना हे गाव मी पार खाली टाकलं होतं, यादी भरायची म्हणून. स्वीकारताना अपग्रेड चालू ठेवलंय, म्हणजे वरच्या पसंतीतली जागा सुटली की आपोआप तिकडे टाकतात. ते बंद करायचं की चालू ठेवायचं हे ठरवायला आठवडा आहे.

घरी वेगळंच चाललंय. आमचे आजोबा रावपुऱ्यात चाळीस वर्षं प्रॅक्टिस करत होते, एम.बी.बी.एस. झाले, पाटी लावली, झालं. बाबा म्हणतात, पाटी लावायला तीन वर्षं कसली शिकायची? आणि तीही समुद्रावर जाऊन? त्यापेक्षा इथे रेडिऑलॉजी बघ.

तर कोणी अशा ठिकाणी काम केलंय का? खरंच शिकायला मिळतं, की नुसते म्हाताऱ्यांचे गुडघे? आणि बाबांचा प्रश्नही आहेच, फॅमिली डॉक्टर व्हायला ट्रेनिंग लागतं का मुळात?

भाकरवडी

पहिला!

समुद्र मिळतोय आणि विचार कसला करताय? आम्ही बडोदेकर कावी-कंबोईला समुद्र बघायला जातो, चिखल बघतो आणि परत येतो.

खटपट्या

बाबांशी सहमत. फॅमिली डॉक्टर ही जमात संपलीय. आमच्या सोसायटीत कोणाचा गुडघा दुखला की तो थेट ऑर्थोपेडिककडे, छातीत जळजळलं की थेट कार्डिऑलॉजिस्टकडे. मधला माणूस हवाय कोणाला? तिकडे तीन वर्षं घालवून उद्या परत आलीस तर इथे त्या सर्टिफिकेटला विचारणार कोण? आलीस तर हं.

मुक्काम_वेल्स

चिमणी, अभिनंदन! मी बडोद्याच्या वाडी भागातला, सध्या वेल्सच्या किनाऱ्यावर जीपी. माझं ट्रेनिंगही अशाच गावात झालं. सविस्तर लिहितो, चहा घेऊन बस.

माझ्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. चाळिशीतली बाई, बोटाला मोठा फोड, मधे पांढरट, कडेला लाल. एस.एस.जी.च्या सर्जरी वॉर्डात तयार झालेला माझा हात, मी म्हटलं पू आहे, चिरा देतो, ॲंटिबायोटिक देतो. सुदैवाने प्रत्येक पेशंटनंतर ट्रेनरला विचारायचं होतं. तो आला, बोटाकडे बघितलंही नाही नीट, बाईंना विचारलं, यंदा कोकरं किती झाली? बाई म्हणाल्या, बेचाळीस, त्यातली सहा बाटलीने पाजतेय. झालं निदान. ऑर्फ नावाचा विषाणू असतो, मेंढ्यांच्या तोंडाला होतो, बाटली पाजणाऱ्याच्या बोटाला लागतो. काही करायचं नसतं, झाकून ठेवायचं, पाचसहा आठवड्यांत आपोआप जातो. चिरा दिला असता तर उगाच चिघळवला असता.

बाई गेल्यावर तो मला एकच म्हणाला, तू त्यांना काम काय करता हे विचारलं नाहीस. ओरडला नाही, पण ती संध्याकाळ माझी खराब गेली.

तर बाबांना सांग, तीन वर्षं पाटी लावायला नसतात. सुरुवातीला एका पेशंटला अर्धा तास देतात, मग वीस मिनिटं, पंधरा, शेवटी दहा. आणि त्या दहा मिनिटांमागे कोणीतरी बसलेलं असतं, हे का केलंस विचारायला.

आता गुडघे. हो, गुडघे असतात. लोक रिटायर होऊन समुद्रावर राहायला येतात, मग नवरा किंवा बायको जाते आणि उरलेला माणूस एकटा, मुलं दोनशे मैलांवर. २०२१ साली इंग्लंडच्या चीफ मेडिकल ऑफिसरचा, क्रिस व्हिटी यांचा, वार्षिक अहवाल ह्याच विषयावर होता, किनाऱ्यावरच्या गावांची तब्येत. आजार जास्त, गरिबी जास्त, आणि डॉक्टर-नर्स यायला तयार नाहीत. पोस्टकार्डावर दिसतं तसं नसतं काही. पण म्हणूनच सगळं तुझ्याच टेबलावर येतं.

अकोटा_एक्सप्रेस

ऑर्फचा किस्सा भारी. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

बादवे बडोद्यात याच चालीवर काय विचारायचं, पावसाळ्यात मगरींच्या विश्वामित्री नदीच्या किती जवळ राहता?

भाकरवडी

२०२४ च्या पुरात मगर आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आली होती. तिलाच फॅमिली डॉक्टर हवा होता, पोटात काय काय गेलं असेल देव जाणे.

पुणेरी_जावई

मूळ प्रश्नाला बगल देत नाही, पण फॅमिली मेडिसिन शिकायचंच असेल तर भारतातही डी.एन.बी. (एम.डी.च्या तोडीची पदवी) आहे, तेही तीन वर्षांचंच. वेल्लोरच्या सी.एम.सी.चा डिप्लोमा आहे, प्रॅक्टिस चालू ठेवून करता येतो. कोझिकोडच्या सरकारी कॉलेजात एम.डी. सुद्धा आहे. मग इंग्लंडच कशाला? इथल्या लोकांना गरज नाही का?

निशिगंधा_कारेलीबाग

@पुणेरी_जावई, कागदावर बरोबर आहे तुमचं. माझ्या मैत्रिणीने केलं डी.एन.बी. फॅमिली मेडिसिन. तीन वर्षं हॉस्पिटलच्या एकेका विभागात फिरली, उत्तम शिकली, पण फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात एक दिवसही बसवलं नाही तिला. आता एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत रात्रपाळ्या करतेय. सगळीकडे असंच असेल असं नाही, पण तिचं तरी असं झालं.

मुक्काम_वेल्स

हाच फरक. इंग्लंडात आता तीनातली दोन वर्षं थेट जीपी प्रॅक्टिसमध्ये असतात, एक हॉस्पिटलात. आणि चिमणी, एक व्यवहाराचं सांगतो. तिथल्या पदवीधरांना आधी जागा द्यायचं धोरण सरकारने आणलंय, आपल्यासारख्यांना पुढे अवघड होणार. हातातली जागा धरून ठेव.

कोकणकडा

मी मूळचा अलिबागकडचा, नोकरीने बडोद्यात. खेड्यातला डॉक्टर काय करू शकतो हे बघायचं तर महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर. लाल विंचू चावला की धडधाकट माणसं दगावायची, ते पेशंटच्या उशाशी रात्र रात्र बसून नाडी, रक्तदाब, घाम सगळं लिहून ठेवत. त्यातून प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध वापरायला लागले आणि मृत्यू एकदम कमी झाले. लॅन्सेटमध्ये छापून आलं. २०२२ साली पद्मश्री. मोठ्या हॉस्पिटलात बसून हे झालं असतं का? विंचू तिथे येतच नाही.

पुणेरी_जावई

बावस्करांबद्दल आदर आहेच. पण महाड समुद्रावर नाही, सावित्रीच्या काठी आहे. आणि ते एम.डी. आहेत. शिकून खेड्यात परत गेले. म्हणजे उदाहरण ट्रेनिंगच्या बाजूने जातंय, तुमच्या लक्षात आलं का?

कोकणकडा

सावित्रीचं पाणी शेवटी बाणकोटला समुद्रातच जातं हो. जावई लोकांनी भूगोल काढू नये.

बरं समुद्राचंच सांगतो. आमच्याकडे पाखटाचा काटा पायात घुसला की म्हाताऱ्या बाया पाय सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात घालायला लावत. पाखट म्हणजे तो चपटा, लांब शेपटीचा मासा. ठणका हमखास उतरायचा. डॉक्टर लोक आम्हाला हसायचे.

मुक्काम_वेल्स

हसायचे ते चुकत होते. पाखटाचं विष उष्णतेने मोडतं. आमच्या किनाऱ्यावर वीव्हर म्हणून बोटभर मासा वाळूत लपलेला असतो, उन्हाळ्यात अनवाणी पोरं बरोबर त्याच्यावर पाय देतात, उपचार तोच, गरम पाणी, निदान अर्धा तास. फक्त पाणी आधी दुसऱ्या पायाने बघायचं, दुखऱ्या पायाला चटका कळत नाही आणि मग भाजलेलं वेगळं निस्तरावं लागतं. काटा आत मोडला नाही ना तेही बघायचं. हे मला कुठल्या पुस्तकाने नाही, प्रॅक्टिसच्या रिसेप्शनिस्टने शिकवलं. डॉक्टरपर्यंत पोर पोचायच्या आत तिची बादली तयार असते.

जुना_दाक्तर

सर्व वाचले. मी बडोद्यात मांडवीजवळ ३८ वर्षे प्रॅक्टिस केली, आता बंद. चिमणीचे आजोबा बहुधा मला माहीत असावेत, रावपुऱ्यात मराठी दाक्तर होते किती.

आम्हाला कोणी शिकवले नाही. पेशंटने शिकवले. माणूस दारातून आत येताना कसा येतो ते बघायचे, चप्पल कशी काढतो, बसताना टेबलाला धरतो का. अर्धे निदान तिथे होते. हे तुमचे पोर्टफोलिओ आणि परीक्षा काय शिकवणार? खटपट्या म्हणतात तसे नाही, फॅमिली डॉक्टर संपलेला नाही, त्याची फी देणारे संपले.

किरमिजी

@जुना_दाक्तर काका, आदर ठेवून लिहिते, पण लिहिणार. माझ्या सासूबाईंचा आवाज बसला होता. आमचे फॅमिली डॉक्टर पंचवीस वर्षांचे, घरच्यासारखे, दिवाळीला फराळाला येणारे. गुळण्या करा, ॲसिडिटी आहे, थंड नको, असं करत करत अडीच महिने काढले. मग भावाच्या आग्रहाने कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे गेलो तर स्वरयंत्रावर गाठ. वेळ निघून गेली होती असं नाही, पण ऑपरेशन जेवढ्यात झालं असतं त्यापेक्षा मोठं झालं. डॉक्टर वाईट नव्हते हो. पण अडीच महिने त्यांना विचारणारं कोणी नव्हतं, आणि आम्ही तर विचारणारच नव्हतो, घरचे म्हणून.

मुक्काम_वेल्स

वाचून वाईट वाटलं. तीन आठवड्यांवर आवाज बसलेला राहिला आणि कारण सापडत नसेल तर घसा आतून बघायला पाठवायचं, हे ट्रेनिंगमध्ये अक्षरशः डोक्यात ठोकतात. आवाज, गिळायला त्रास, न कळत उतरलेलं वजन. ही यादी पाठ नसेल तर बाकी कितीही माणूसकी असो.

खटपट्या

म्हणून म्हणतो, थेट स्पेशालिस्ट!

निशिगंधा_कारेलीबाग

खटपट्या, चक्कर आली तर कोणत्या स्पेशालिस्टकडे जाल? कान, मेंदू, हृदय, मान, की डोळे? माझ्या वडिलांना चौघांकडे नेलं, चार फायली झाल्या. शेवटी मेडिकलवाल्याने सगळी प्रिस्क्रिप्शनं शेजारी शेजारी ठेवली, तेव्हा कळलं की प्रेशरची एकच गोळी दोन कंपन्यांच्या नावाने चालू आहे.

खटपट्या

बरं बाई. हाय काय नाय काय.

दांडियाबाजारची_चिमणी

बापरे, केवढे प्रतिसाद! सगळ्यांना थॅंक्यू. आता माझं ऐका, मधल्या काळात एक उद्योग करून आले.

बाबांच्या ओळखीचे एक गुजराती दाक्तर आहेत, जंबुसरच्या पुढे, कावीच्या अलीकडे. वय सत्तरच्या वर. बाबा म्हणाले, समुद्राची एवढी हौस आहे तर आधी इथल्या समुद्रावर जा. मला वाटलं खिजवतायत, पण गेले मी शनिवारी पहाटेच्या एस.टी.ने. दवाखाना म्हणजे एक खोली, बाहेर बाक, आत तपासायचं टेबल आणि त्याच्या एका पायाखाली वीट. ड्रॉवर उघडला तर ॲट्रोपीनचे अँप्युल ओळीने लावलेले, कपाशीचा पट्टा ने, फवारणीच्या दिवसांत कीटकनाशकाच्या विषबाधेवर लागतात. मिठागरावरची माणसं येतात, पायाला चिरा, डोळे लाल, मीठ आणि उन्हाची तिरीप. मासेमारीवालेही. साप चावला तर आपली लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालते, समुद्रसापावर नाही, हे मी पाठ केलेलं होतं, पण त्यांनी विचारल्याशिवाय आठवलं नाही.

एक आई चार वर्षांच्या पोराला घेऊन आली. दोन दिवस ताप, उलट्या. मी मनातल्या मनात रक्ताच्या सगळ्या तपासण्या लिहून, सलाईन लावून, बडोद्याला पाठवून मोकळी. त्यांनी पोराला जमिनीवर सोडलं आणि आईशी गप्पा. शू कितीदा केली, पाणी टॅंकरचं का कूपनलिकेचं, घरी अजून कोणाला ताप आहे का. पोरगं तोवर बाकाखाली शिरून माझी चप्पल ओढून काढत होतं. मला वाटलं दाक्तरांचं लक्ष नाही. ते बोलत होते आईशी, बघत होते चपलेकडे. मग नीट तपासला, कानापासून पोटापर्यंत, मान वाकवून बघितली, मलेरियाची तेवढी पट्टी केली, ती निगेटिव्ह, ओ.आर.एस. दिलं. आणि आईला सांगितलं, उद्या सकाळी डेअरीत दूध घालायला येशील तेव्हा दाखवून जा, पण त्याआधी खेळायचा थांबला, पाणी पोटात ठरेना, शू बंद झाली, यातलं एक जरी झालं तर माझी वाट बघू नकोस, १०८ ला फोन. हे तिच्याकडून परत म्हणवून घेतलं, दोनदा.

नंतर मी विचारलं की तपासण्या का नाही केल्या. म्हणाले, तारी पाछळ एस.एस.जी. ऊभी छे, मारी पाछळ खाडी (तुझ्या मागे एस.एस.जी. उभं आहे, माझ्या मागे खाडी). दर तापाला बडोद्याला पाठवलं तर ज्याला खरंच पाठवायचं त्याच्यासाठी गाडी उरत नाही, आणि लोक दुसऱ्यांदा माझं ऐकत नाहीत.

मुक्काम_वेल्स

चिमणी, ते "दोनदा म्हणवून घेतलं" अधोरेखित कर! ह्याला इकडे सेफ्टी नेटिंग म्हणतात. शेवटच्या वर्षी एस.सी.ए. परीक्षा असते, बारा पेशंट, प्रत्येकी बारा मिनिटं, आणि त्यात लोक हमखास इथेच मार्क घालवतात. "काही वाटलं तर या" म्हणतात. काही म्हणजे काय? कधी? कुठे? तुझ्या दाक्तरांनी सगळं सांगितलं.

जुना_दाक्तर

किरमिजी यांचा प्रतिसाद दोन दिवस डोक्यात आहे. उत्तर देणार नव्हतो, देतो.

मी वर ऐटीत लिहिले की पेशंटने शिकवले. खरे आहे. पण जो पेशंट बरा झाला नाही तो दुसरीकडे गेला, तो शिकवायला परत आला नाही. प्रॅक्टिस बंद करायच्या आधी वर्षभर एक तरुण मुलगी माझ्याकडे बसायची, संध्याकाळचे पेशंट बघायला. तिने एकदा विचारले, काका, या आजींना स्टिरॉइड का चालू आहे? मी तोंड उघडले आणि उत्तर नव्हते. सात-आठ वर्षांपूर्वी दम्यासाठी सुरू केले होते, मग चालू राहिले. एकदम बंदही करता येत नाही, हळूहळू कमी करायला किती महिने गेले. ३८ वर्षांत "का" विचारणारी ती पहिली.

चिमणी, तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांग आणि म्हणावे, आजोबांना कोणी शेजारी बसून विचारणारा मिळाला असता तर त्यांना आवडलेच असते.

किरमिजी

काका, _/\_

अकोटा_एक्सप्रेस

काका, हे लिहायला हिंमत लागते.

निवृत्त_सिस्टर

एस.एस.जी.त नर्स होते, ३१ वर्षे. मुली, एकच सांगते, जिथे जाशील तिथल्या नर्सशी आणि रिसेप्शनवालीशी पहिल्या दिवसापासून नीट वाग. वेल्सवाल्यांची बादलीवाली बाई वाचली ना? आणि डबा एकटीने खाऊ नकोस.

मुक्काम_वेल्स

सिस्टर +१००. आमच्याकडे चहाच्या खोलीत जेवढं शिकलो तेवढं ट्यूटोरियलमध्ये नाही.

व्यवहाराचं थोडं. गाडी लागेल, होम व्हिजिट असतात आणि बस तासाला एक. आपलं लायसन्स तिथे पहिले बारा महिने चालतं, त्या बारा महिन्यांत तिथली टेस्ट दे, शेवटच्या महिन्यावर ठेवू नकोस, तारखा मिळत नाहीत. खेड्यातल्या बऱ्याच प्रॅक्टिस औषधंही स्वतःच देतात, केमिस्ट मैलाहून लांब राहणाऱ्या पेशंटना, तेव्हा औषधांच्या खोलीत जाऊन बसत जा. उन्हाळ्यात कॅरव्हॅनवाले टूरिस्ट येतात, निम्मे गोळ्या घरी विसरून आलेले, "ती पांढरी छोटी" म्हणतात. आणि डिसेंबरात चारला अंधार पडतो. पहिला हिवाळा मी रोज आईला फोन करून काहीतरी कारण काढून भांडायचो, नंतर कळलं एकटेपणा होता. ते आधीच माहीत असलेलं बरं. शहरात जीपी जास्त, लोक जास्त, तेही ट्रेनिंग वाईट नसतं. पण शहरात ऑर्फवाली बाई तुझ्यापर्यंत यायच्या आधी दुसरीकडे कुठेतरी चिरा घेऊन येते.

भाकरवडी

चारला अंधार म्हणजे सेवउसळीची वेळ दुपारीच होते. तर्री कोण देणार तिकडे?

दांडियाबाजारची_चिमणी

अपग्रेड बंद केलं. काल रात्री. बाबांना जुना_दाक्तर काकांचा प्रतिसाद वाचून दाखवला, काही बोलले नाहीत, चष्मा पुसत बसले, मग म्हणाले, गाडी शिकायला कधी जातेस?

ऑगस्टपर्यंत दर शनिवारी जंबुसरला जायचं ठरवलंय.

खटपट्या

अभिनंदन. माझा विरोध नोंदवून ठेवा, पण गुडघ्याचं विचारायला तुलाच फोन करणार.

जुना_दाक्तर

चांगले झाले. एक विचारायचे राहिले. त्या चपलेवाल्या पोराचे पुढे काय झाले?

दांडियाबाजारची_चिमणी

अं... रविवारी मी नव्हते ना काका, शनिवारीच परत आले. बराच असेल.

जुना_दाक्तर

"असेल" चालत नाही. फोन कर.

दांडियाबाजारची_चिमणी

केला. रविवारी सकाळी डेअरीत दूध घालायला आई आलीच नव्हती. दाक्तरांनी दहापर्यंत वाट बघितली आणि दवाखान्याला कुलूप लावून स्कूटरवर तिच्या वस्तीवर गेले. घर बंद. शेजारणीने सांगितलं, शेजारच्या गावात लग्न आहे, सगळे तिकडे गेलेत. मग तिथे गेले. पोरगं मांडवात दुसऱ्याची चप्पल घेऊन पळत होतं. दाक्तरांनाही बळेच जेवायला बसवलं म्हणे.